वीस चिठ्ठ्या, तीन अक्षरं

सीमा तेहतिसाव्या वर्षी दहावीला बसली ती काही हौसेनं नाही. पहिल्यांदा बसली तेव्हा सोळा वर्षांची होती. गणितात गेली, आणि निकालानंतर दीड महिन्यात तिचं लग्न लागलं. आता ती शिक्रापूरच्या पुढे, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होती. सात वर्षं एकाच लाईनवर उभी राहिल्यावर तिला सांगण्यात आलं की दहावी पास असाल तर लाईन लीडर करू. म्हणून तिनं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि दर रविवारी न्हावऱ्यावरून एसटीनं खुटबावला, वडिलांकडे शिकायला जायला लागली.

वडील, शंकरराव, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिक्षक होते. निवृत्त झाले तरी शिकवताना खुर्चीवर बसत नसत. ओसरीवर येरझाऱ्या घालत बोलायचे आणि पोरगी चुकली की थबकायचे. संभाव्यतेचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी जुन्या कॅलेंडरचे चौकोन कापून त्यांवर इंग्रजी अक्षरं लिहिली आणि पितळेच्या डब्यात घातली.

"सव्वीस अक्षरं. एक उचललं. स्वर येण्याची संभाव्यता?"

"पाच भागिले सव्वीस."

"का?"

"पुस्तकात हाय तसं."

"पुस्तक राहू दे. तू सांग."

सीमानं विचार करून सांगितलं, की सगळ्या चिठ्ठ्या सारख्या आहेत, कुठलीही येऊ शकते, आणि त्यात पाच स्वर आहेत. शंकरराव पुन्हा चालू लागले. मग त्यांनी पाटीवर इंग्रजीत 'महाराष्ट्र' लिहिलं आणि अक्षरं मोजायला सांगितली. अकरा. त्यांतले 'ए' चार.

"आता ह्या अकरांतून एक उचललं तर 'ए' आन् 'एम' सारखेच येतील का?"

"न्हाई. 'ए' चारपट."

"हे लक्षात ठेव. अक्षर निवडणं वेगळं आन् त्या अक्षराची किती घरं भरल्यात ते वेगळं. पोरं हितंच पडत्यात."

सीमाला हे आवडलं. परतीच्या एसटीत ती दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं मोजत बसायची. शाळेत असताना गणित असं कधी कुणी तिला दिलंच नव्हतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात अनिताचा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये गेला.

अनिता केंदूरची. सीमाच्या शेजारच्या प्रेसवर असायची, दोघी रोज एकाच डब्यातनं जेवायच्या. प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. हात आत असेल तर प्रेस खाली येत नाही. पण त्यानं मशीन मधेच थांबतं आणि नग कमी निघतात, म्हणून त्या लाईनवरचे सेन्सर तीन महिन्यांपासून बंद होते. सगळ्यांना माहीत होतं. अनिताच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सीमानंच आपली ओढणी तिच्या हाताला गुंडाळली होती. अपघाताच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

तेव्हा चौघींनी मिळून कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला अर्ज केला. अनिता, म्हातारपणाकडे झुकलेली धुरपदामावशी, लाईनवरची सगळ्यात लहान करिश्मा, आणि सीमा. अर्ज सीमानं आपल्या हातानं लिहिला, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. सेन्सर कधीपासून बंद आहेत, बंद करायला कुणी सांगितलं, सगळं तारखेसकट. खाली चार सह्या. अनितानं डाव्या हातानं केली.

महिना गेला. निरीक्षक आला नाही. पण एक दिवस साहेबराव आला. साहेबराव हा ठेकेदाराचा सुपरवायझर. गोड बोलणारा माणूस. बायांना ताई आणि म्हाताऱ्यांना मामा म्हणायचा. त्यानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि सांगितलं, कंपनीची ऑर्डर कमी झाली आहे, दोनशे दहातली तीसपस्तीस माणसं कमी करायची आहेत.

"कुणाला काढायचं हे मी ठरवलं तर उद्या म्हणाल साहेबरावानं आपली माणसं ठेवली. म्हणून सोडत काढायची. हजेरीचं मस्टर इंग्रजीत हाय. अक्षरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. जे अक्षर येईल त्या अक्षराच्या नावाची सगळी माणसं कमी. तीसच्या वर आकडा गेला की थांबायचं. ह्यात कुणाचा वशिला न्हाई."

माणसांना हे पटलं. बिहारची पोरंसुद्धा म्हणाली, "ठीक है, किस्मत का खेल है." एकानं विचारलं, 'एक्स' आला तर? साहेबराव हसला. म्हणाला, ज्या सहा अक्षरांचं कुणी माणूसच नाही त्या चिठ्ठ्या टाकणारच नाही. वीस चिठ्ठ्या असतील.

सीमा करिश्माला म्हणाली, "हे सारखं न्हाई. 'यू'चा एकच माणूस हाय. आमच्या 'एस'चे अडतीस. चिठ्ठी एक, पण..."

"ताई, तुमचा अभ्यास घरी ठेवा," करिश्मा म्हणाली. तिला हसू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबरावानं सीमाला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला. परीक्षा कधी आहे ते विचारलं.

"सीमाताई, तुम्ही हुशार हायसा म्हणून तुम्हाला सांगतो. 'एस'चे अडतीस. एक तेवढी चिठ्ठी निघाली तर कोटाच पुरा. सुनीलच्या घरी दोन म्हातारी हायत. संगीताला सातवा महिना चाललाय. ती सगळी तुमच्यापायी जातील."

"माझ्यापायी का? चिठ्ठी कुठली निघंल हे कुणाला ठावं?"

साहेबरावानं चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "तुमची सही त्या अर्जावरनं निघाली, तर 'एस' निघणार न्हाई."

एवढंच बोलला. मग त्यानं टाईप केलेला कागद पुढे ठेवला. 'सदर अर्जावर मी मजकूर न वाचता, इतरांच्या सांगण्यावरून सही केली. त्यातील मजकुराशी माझा संबंध नाही.'

सीमा घरी गेली. नवऱ्याला, धम्मदीपला, काही सांगितलं नाही. तो वेल्डिंगच्या दुकानात होता, सहा महिन्यांपासून त्याची कंबर धरली होती, आठवड्यातले तीन दिवसच जायचा. तिनं भाकऱ्या केल्या, भांडी घासली, संगीताचा विचार केला, सुनीलचा केला, आणि शेवटी स्वतःचाही केला. अडतीस माणसांची ढाल तिला फार सोयीची होती, हे तिला त्याही दिवशी कळत होतं. सकाळी पाळीच्या आधी केबिनमध्ये जाऊन तिनं सही केली. सही नेहमीसारखी सुबक आली. नंतर तिला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

सोडत शनिवारी झाली. स्टीलच्या डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. साहेबरावानं डबा हलवला, स्वतःच हात घातला, चिठ्ठी उघडली, वाचली आणि खिशात ठेवली.

"के."

अकरा माणसं. करिश्मा भिंतीला टेकून खाली बसली.

"डी."

नऊ. धुरपदामावशीला इंग्रजी येत नव्हतं. तिनं सीमाकडे बघितलं. सीमानं मान हलवली.

तिसरं अक्षर कुठलं येणार हे त्या शेडमध्ये साहेबरावाशिवाय सीमाला एकटीला माहीत होतं. तिनं अनिताकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिच्याकडेच बघत राहिली.

"ए."

चौदा. एकूण चौतीस. सोडत संपली. साहेबरावानं डब्याला झाकण लावलं. चिठ्ठ्या बघायला कुणी मागितल्या नाहीत. वाचलेल्यांना घाई होती आणि गेलेल्यांना काही सुचत नव्हतं. सुनील सीमाजवळ येऊन म्हणाला, "वाचलो की गं." ती आपल्या प्रेसकडे वळली.

चार दिवसांनी अनिता, धुरपदामावशी आणि करिश्मा तिच्या खोलीवर आल्या. धम्मदीपनं त्यांना चटई टाकून दिली. तिघींचे चेहरे उतरले होते. 'के'मधून गेलेल्या किसननं करिश्माला भर चौकात शिव्या दिल्या होत्या. तुमच्या अर्जापायी आमची भाकरी गेली, असं तो म्हणाला होता.

"सीमे," अनिता म्हणाली, "तुला गणित येतं. आमची तिघींचीच अक्षरं आली. असं आपसूक व्हयाची किती शक्यता हाय, ते काढून दे. आम्ही पुण्याला कामगार कार्यालयात जाणार हावोत. तिथं आकडा दाखवायचा."

"चौघी जाणार म्हण," धुरपदामावशी म्हणाली. "ही वाचली म्हणून काय आपली न्हाई व्हय?"

सीमा उठून पाणी आणायला गेली.

रविवारी तिनं वडिलांपुढे वही ठेवली. एकापेक्षा जास्त अक्षरं उचलायची गणितं दहावीला नव्हती, म्हणून शंकररावांनी मजेत समजावलं. पहिली चिठ्ठी तिघींपैकी कुणाचीही चालेल, म्हणून तीन भागिले वीस. ती बाहेर राहिली, आता एकोणीस उरल्या आणि हव्या त्या दोन. मग अठरांतली एक. तिन्हींचा गुणाकार. सीमानं खाली मान घालून केला. सहा भागिले सहा हजार आठशे चाळीस.

"संक्षिप्त रूप."

"अकराशे चाळीसात एक."

"म्हंजी असली सोडत अकराशे चाळीस वेळा काढली तर सरासरी एकदा हे घडंल. बरं. लेखी दे त्यांना." ते चालत होते ते थांबले. "पण सह्या तर चौघींच्या होत्या ना?"

"व्हय."

"चारांतली तीनच का आली मग? ज्यानं बघून उचलल्या तो चौथं अक्षर का सोडंल?"

"कोटा भरला, आप्पा."

"'एस'ची किती माणसं?"

"अडतीस."

"तर मग अर्ज जिनं लिहिला तिलाच आधी काढली असती, एका चिठ्ठीत कोटा भरला असता." शंकरराव तिच्या समोर, खाली, जमिनीवर बसले. मुलीला शिकवताना ते पहिल्यांदाच बसले. "तू काय केलंस?"

तिनं सांगितलं. ते ओरडले नाहीत. वही मिटून तिच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "न वाचता सही केली, असं लिहून दिलंस. माझ्या पोरीनं." मग उठून मागच्या दारी गेले. ती एसटीला निघाली तरी पुढे आले नाहीत.

पुण्याला सुनावणी फेब्रुवारीत झाली. सीमा रजा टाकून गेली. तिघींनी तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं, कारण आकडा तीच समजावून सांगणार होती. समोर कामगार अधिकारी, एक शांत, थकलेला माणूस. बाजूला साहेबराव आणि ठेकेदाराचा वकील.

सीमानं कागद दिला. वीस चिठ्ठ्या, तीन अक्षरं, अकराशे चाळीसात एक. अधिकाऱ्यानं तो नीट वाचला.

"हिशोब बरोबर आहे," तो म्हणाला. "पण ताई, अकराशे चाळीसात एक म्हणजे शून्य नाही. कुठली ना कुठली तीन अक्षरं येणारच होती, आणि कुठल्याही तीन अक्षरांची संभाव्यता एवढीच. यावरून संशय घेता येतो. पुरावा म्हणता येत नाही."

"आणि साहेब," वकील म्हणाला, "ज्या अर्जाचा राग धरला असं म्हणतात, तो अर्जच खोटा आहे. त्यांच्यातल्याच एकीनं लिहून दिलंय." त्यानं फाईलमधून टाईप केलेला कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. सहीचं नाव शेवटी वाचलं.

करिश्माला आधी कळलंच नाही. धुरपदामावशी म्हणाली, "कोन सीमा?" अनितानं आपला उजवा हात पदराखाली घेतला.

सीमा उभी राहिली. "साहेब, ती सही माझी हाय. पण कागद खोटा हाय. साहेबरावांनी मला सोडतीच्या आधी सांगितलं, सही काढून घे, मग 'एस' निघणार न्हाई. मी काढली. 'एस' निघाला न्हाई. चिठ्ठ्या त्यांनी बघून काढल्या. कुणाला दाखवल्याबी न्हाईत."

"सपशेल खोटं," साहेबराव म्हणाला. त्याचा आवाज तसाच गोड होता. "ताई, मी तुम्हाला बहिणीसारखं वागवलं."

"मूळ अर्ज बघा साहेब," सीमा म्हणाली. "तो माझ्या अक्षरात हाय. पहिल्या ओळीपासून. जो अर्ज मीच लिहिला तो मी न वाचता सही कशी करीन?"

अधिकाऱ्यानं अर्जाची प्रत काढली. तिला कोऱ्या कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले.

"अक्षर सारखं दिसतंय," तो म्हणाला आणि नोंद केली.

"म्हणजे या बाईंनी एकदा खोटं लिहून दिलंय, हे त्या स्वतःच मान्य करताहेत," वकील म्हणाला. "आज खरं बोलताहेत कशावरून?"

अधिकाऱ्यानं सीमाचा जबाब लिहून घेतला, तिला वाचायला दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि सही केली. तडजोड होत नाही असं दिसल्यावर प्रकरण न्यायालयाकडे पाठवायचा शेरा त्यानं मारला. किती दिवस लागतील असं करिश्मानं विचारलं. तो म्हणाला, दिवसांत सांगता येणार नाही.

परतताना तिघी एका एसटीत बसल्या. सीमा मागच्या एसटीनं आली.

सोमवारी कारखान्याच्या गेटवर तिचं कार्ड लागलं नाही. वॉचमननं दोनदा लावून बघितलं आणि बाजूला व्हा म्हणाला, मागे रांग होती. रांगेत सुनील होता, संगीता होती. संगीता पोटावर हात धरून मोबाईलमध्ये बघत राहिली. धम्मदीपला तिनं त्या दिवशी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर मी नको म्हणलो असतो का, हे मलाबी ठावं न्हाई." आणि दुसऱ्या दिवसापासून कमरेला पट्टा बांधून रोज दुकानात जायला लागला.

मार्चमध्ये सीमानं परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा गणितात एक्कावन्न पडले. शंकररावांना तिनं फोनवर सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि जेवलीस का विचारलं. त्या रविवारनंतर त्यांनी स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट. ती झेंडूच्या एका शेडवर फुलं निवडायला जायला लागली होती. तिथं दहावीचं काही काम नव्हतं.

न्यायालयाची नोटीस मे महिन्यात आली. सीमाला साक्षीदार म्हणून. ती नोटीस घेऊन केंदूरला गेली. अनिताचं घर मळ्यात होतं. अनिता दारात बसून डाव्या हातानं कांद्याची पात जुडीत लावत होती. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत सुतळी धरली होती. जुडी दोनदा सुटली. सीमा पुढे झाली.

"हात लावू नको," अनिता म्हणाली.

सीमा उभी राहिली. अनितानं तिसऱ्यांदा गाठ मारली. या वेळी गाठ पक्की बसली.

"मला काढलं त्याचं न्हाई मला," अनिता म्हणाली. "कुणालाबी काढलं असतं. पण ज्या दिवशी बोटं गेली तवा तू माझ्याशेजारी होतीस. रक्त तुझ्या ओढणीला लागलं होतं. आन् तू लिहून दिलंस की तुला काय ठावं न्हाई."

"व्हय."

"येवढंच म्हणणार?"

"दुसरं काय म्हणू? ते खरं हाय."

अनितानं पुढची पात उचलली. घरातनं तिच्या सासूनं कोण आलंय म्हणून विचारलं. अनितानं सांगितलं नाही. सीमा उन्हातच उभी होती.

"आमचा वकील म्हणतो, तुझ्या साक्षीबिगर केस उभीच राहत न्हाई," अनिता म्हणाली. "ते तुला काय काय इचारतील. खोटारडी म्हणतील. सगळ्यांसमोर."

"म्हणू दे."

"जीप केलीया आम्ही. सकाळी सातला फाट्यावरनं निघंल. तू ये." तिनं मान वर केली नाही. "माघं बस. माझ्याशेजारी बसू नको."

तारखेच्या दिवशी सीमा पावणेसातलाच फाट्यावर आली. जीप आली तेव्हा पुढे अनिता होती, मधे धुरपदामावशी आणि करिश्मा. मागचं दार करिश्मानं आतून उघडलं. सीमा वाकून आत शिरली, स्टेपनीच्या चाकाशेजारी पाय दुमडून बसली, आणि जीप पुण्याच्या रस्त्याला लागली.